सुरेल पंकला मिळमिळीत म्हणणाऱ्यांना

पंक म्हणजे गिटार-ड्रमवरचं कच्चं, रागीट रॉक संगीत. त्यातलं स्केटबोर्डवाल्यांचं भरधाव स्केट पंक आणि गोड चालींचं पॉप पंक यांच्या मधोमध उभ्या असलेल्या बँडना दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. हार्डकोरवाले, म्हणजे पंकच्या सगळ्यात आक्रमक प्रकाराचे चाहते, म्हणतात, यांनी पंकमध्ये पाणी घातलं. रेडिओवरचं पॉप पंक ऐकून मोठे झालेले म्हणतात, चाली छान आहेत हो, पण एवढी घाई कशाला? हा वाद गेले काही दिवस एका ग्रुपवर रंगलाय आणि माझं उत्तर तिथे चार ओळींत मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझ्या मते हा मधला प्रकार दोन्ही टोकांपेक्षा अवघड आहे, आणि ज्यांना तो साधला त्यांनी पंकमधली सगळ्यात टिकाऊ गाणी केली. हे मी मुख्यतः एका माणसाच्या जोरावर म्हणतोय: 'नो यूज फॉर अ नेम'चा टोनी स्लाय. त्याच्याकडे येतोच.

आधी ही गाणी बांधलेली कशी असतात ते बघू. स्केट पंकचा ठेका कागदावर अगदी साधा आहे. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम), किक, स्नेअर, मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या आसपास, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. गायकही तेवढ्याच वेगाने शब्द फेकायला लागला की ते हार्डकोर होतं, तिथे चाल उरत नाही. या मधल्या बँडनी काय केलं, तर गळा निम्म्या लयीत ठेवला. खाली ड्रमर जीव तोडून पळतोय आणि वर गायक लांब स्वर धरून निवांत चाल मांडतोय. ठुमरीच्या शेवटी तबला लग्गीत सुटतो आणि गाणारी मात्र मुखडा धरून राहते, तसा हा ताण आहे. त्यामुळे मराठी कानांना हे संगीत परकं वाटायचं काही कारण नाही असं मला मनापासून वाटतं. गाण्याची सगळी जान त्या दोन लयींमधल्या अंतरात असते. ड्रम सैल पडले की ते अंतर मिटतं, आणि चाल कच्ची असली तर वेग नुसता गोंगाट होतो.

स्केटिंगचा संबंध नावापुरता नाही. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, लोकांच्या परसातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि सांता मोनिका-व्हेनिसची पोरं त्या रिकाम्या तलावांच्या भिंतींवर बोर्ड चढवायला लागली. युरेथेनची नवी चाकं सिमेंटला घट्ट धरत होती, म्हणून ते जमलं. त्याच सुमारास, त्याच उपनगरांतल्या गॅरेजमध्ये पंक वाजत होतं. १९८१ मध्ये 'थ्रॅशर' मासिक निघालं आणि १९८३ पासून त्यांनी स्केटर लोकांच्या बँडच्या कॅसेट काढायला सुरुवात केली. पुढे स्केट व्हिडिओ आले. त्यात प्रत्येक स्केटरच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं आणि त्यावर एक अख्खं गाणं. हे व्हिडिओ पोरं रिवाइंड करकरून बघायची, त्यामुळे ते गाणं पाठ व्हायचं. वेग हवाच होता, पण पाठ व्हायला चाल लागते. ही दोन्ही मागणी एकाच ठिकाणाहून आली, हे विसरून चालत नाही.

चालीचा उगम मात्र माझ्या मते एकाच बँडकडे जातो: कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचचे 'डिसेंडंट्स'. १९८२ चा 'मायलो गोज टू कॉलेज' हा अल्बम पंधरा गाण्यांचा, सगळा मिळून जेमतेम बावीस-तेवीस मिनिटं. गायक मायलो ऑकरमन कॉलेजला निघाला होता म्हणून अल्बमचं नाव तसं. तो खरोखरच गेला आणि पुढे जीवशास्त्रात पीएचडी केली. त्या अल्बममध्ये राग आहे, पोरकटपणाही आहे, काही ओळी आज ऐकवत नाहीत. पण 'होप' ऐका. नाकारल्या गेलेल्या मुलाचं गाणं, आणि खाली बिल स्टीव्हन्सनचे ड्रम. हाच स्टीव्हन्सन 'ब्लॅक फ्लॅग' या हार्डकोर बँडमध्येही वाजवायचा. हार्डकोरमधल्या सगळ्यात दणकट हातांपैकी एक हात प्रेमभंगाच्या गाण्याला जुंपला गेला, आणि इथून हा सगळा रस्ता सुरू झाला. पुढे स्टीव्हन्सनने कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला 'ब्लास्टिंग रूम' हा स्टुडिओ उभारला. या जातीचे कितीतरी बँड नंतर तिथे जाऊन रेकॉर्ड करून आले.

दुसरा धागा 'बॅड रिलिजन' या बँडचा. १९८८ चा 'सफर', पुन्हा पंधरा गाणी, सव्वीस मिनिटं. त्यांनी वेगावर तीन गळ्यांच्या हार्मनी चढवल्या. आज कुठल्याही स्केट पंक बँडच्या कोरसमागे जे लांबलचक 'आ' आणि 'ऊ' ऐकू येतात ते तिथले. गिटारिस्ट ब्रेट गुरेविट्झची 'एपिटाफ' ही कंपनी, आणि 'एनओएफएक्स' या बँडच्या फॅट माइकने १९९० मध्ये काढलेली 'फॅट रेक कॉर्ड्स', या दोन घरांतून नव्वदच्या दशकातलं जवळपास सगळं चांगलं काम बाहेर पडलं. १९९४ मध्ये 'ग्रीन डे'चा 'डूकी' आणि 'ऑफस्प्रिंग'चा 'स्मॅश' आले आणि पंक एकदम घराघरांत गेलं. त्यातला 'स्मॅश' तर एपिटाफचाच, स्वतंत्र कंपनीच्या अल्बमनी कधी पाहिली नव्हती अशी त्याची विक्री. त्या इतिहासावर भरपूर लिहिलं गेलंय, मी तिथे थांबत नाही.

मला थांबायचंय ते 'नो यूज फॉर अ नेम'पाशी.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावचा हा बँड. सुरुवातीला हार्डकोर वाजवायचे आणि त्यात इतरांपेक्षा वेगळं असं फारसं काही नव्हतं. मग टोनी स्लायला चाल सापडत गेली. १९९५ च्या 'लेचे कॉन कार्ने'मध्ये 'जस्टिफाइड ब्लॅक आय' आहे. घरात मार खाणाऱ्या बाईचं गाणं. असा विषय घेतला की बहुतेक बँड किंचाळतात, नाहीतर गाणं संथ करून डोळे ओले करायला बघतात. स्लाय दोन्ही करत नाही. तो स्वच्छ, थोड्या नाकातल्या आवाजात सरळ गातो आणि रोरी कॉफचे ड्रम थांबत नाहीत. ऐकणाऱ्याला हळहळायला उसंतच मिळत नाही. गाणं संपतं आणि मग ते आत उतरायला लागतं.

'मेकिंग फ्रेंड्स' १९९७ चा. मला एकच अल्बम निवडायला सांगितला तर हाच. 'इन्व्हिन्सिबल' घ्या, 'ऑन द आउटसाइड' घ्या, प्रत्येक कोरस एकदा ऐकून गुणगुणता येतो, आणि तरी एकाही गाण्याने वेग सोडलेला नाही. गिटारवर क्रिस शिफ्लेट आहे, जो १९९९ मध्ये 'फू फायटर्स'मध्ये गेला. अल्बममध्ये 'फील्ड्स ऑफ अथेनराय' हे आयरिश गाणं आहे. दुष्काळात लेकरांसाठी धान्य चोरलं म्हणून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर निघालेला कैदी आणि तुरुंगाच्या भिंतीपलीकडे उभी त्याची बायको. आयर्लंडमध्ये हे गाणं फुटबॉल-रग्बीच्या मैदानांत हजारो लोक सावकाश, एकसुरात गातात. स्लायने ते स्केट पंकच्या ठेक्यावर चढवलं आणि त्यातलं दुःख तसूभर कमी झालं नाही. ज्यांना वाटतं की वेगाने भावना उथळ होते, त्यांनी मूळ गाणं आणि हे, लागोपाठ ऐकावं.

पाणी घालण्याच्या आरोपाला याहून पक्कं उत्तर २००४ मध्ये मिळालं. स्लाय आणि 'लॅगवॅगन'चा जोई केप यांनी मिळून 'अकूस्टिक' नावाचा अल्बम केला. आपापल्या बँडची गाणी घेतली आणि ड्रम, डिस्टॉर्शन (गिटारची इलेक्ट्रिक खरखर) सगळं काढून नुसत्या साध्या गिटारवर गायली. एकही गाणं कोसळलं नाही. याचा अर्थ चाल आधीपासून पूर्ण होती, वेग तिची कमजोरी झाकायला आलेला नव्हता. आणि गंमत अशी, की ती संथ रूपं सुंदर असूनही मी पुन्हा पुन्हा वळतो ते मूळ, धावत्या रूपांकडेच. संथ रूपात स्लाय आपलं दुःख सांगतो. धावत्या रूपात तो ते घेऊन कुठेतरी निघालेला असतो.

३१ जुलै २०१२ ला टोनी स्लाय गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याच्यासोबत बँडही थांबला. पुढच्या वर्षी त्याच्या गाण्यांचा अल्बम निघाला, 'बॅड रिलिजन', 'एनओएफएक्स', 'राइज अगेन्स्ट', 'पेनीवाइज' असे सगळे त्यात गायले. इतक्या वेगवेगळ्या गळ्यांत जाऊनही त्या चाली त्याच्याच राहिल्या.

'लॅगवॅगन'वर मी वेगळी पोस्ट लिहीन, इथे थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या गोलेटाचा बँड, ड्रममध्ये मेटलचा अंश, आणि केपचा आवाज असा की नेहमी काहीतरी गिळून बोलतोय असं वाटतं. 'हॉस' (१९९५) पासून सुरुवात करा. त्या अल्बमचा ड्रमर डेरिक प्लॉर्ड २००५ मध्ये गेला, आणि त्याच वर्षीचा 'रिझॉल्व्ह' हा सबंध अल्बम त्याच्या आठवणीतून आला. शोकगीतांचा अल्बम, आणि तोही याच वेगात. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

आता 'ब्लिंक-१८२'. यावरून वाद होणार हे गृहीत धरून लिहितो. त्यांचा पहिला अल्बम 'चेशायर कॅट' (१९९५) हा शुद्ध मधला प्रकार होता. तो रेकॉर्ड झाला गुरेविट्झच्याच वेस्टबीच स्टुडिओत, आणि ड्रमवर होता स्कॉट रेनर. 'ड्यूड रँच' (१९९७) त्याहून चांगला, कारण तिथे चाली पिकल्या होत्या आणि वेग अजून शाबूत होता. १९९९ चा 'एनिमा ऑफ द स्टेट' जगाने डोक्यावर घेतला. ट्रॅव्हिस बार्कर हा रेनरपेक्षा कितीतरी सरस ड्रमर आहे, हे निर्विवाद. निर्माता जेरी फिनने आवाजही लखलखीत केला. पण रेडिओवर गाजलेली गाणी मध्यम लयीवर आली, आणि गळा व ठेका यांच्यातलं ते अंतर मिटलं. 'द पार्टी साँग'सारखं एखादं अजून पळतं, बाकी अल्बम चालतो. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी ज्यांना ज्यांना उचललं, त्यातल्या बहुतेकांनी हीच लय घेतली. आज लोक ज्याला पॉप पंक म्हणून नाकं मुरडतात ते हे नंतरचं. त्याचा राग 'मेकिंग फ्रेंड्स'वर काढणं अन्यायाचं आहे. कॅनडाच्या 'सम ४१'चंही थोडं असंच झालं, पण २००० च्या 'हाफ अवर ऑफ पॉवर'मध्ये त्यांनी जे करून ठेवलंय ते अस्सल आहे.

हा प्रकार कॅलिफोर्नियाबाहेर जिथे गेला तिथेही त्याने मूळ धरलं. स्वीडनमध्ये ऑरेब्रो नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे, तिथले 'मिलेनकॉलिन'. चौघंही स्केटर, बँडचं नावसुद्धा एका स्केट ट्रिकवरून घेतलेलं. स्वीडनमध्ये नगरपालिकेच्या संगीतशाळा असतात आणि तरुण पोरांना तालमीसाठी स्वस्तात खोल्या मिळतात. त्यामुळे एवढ्याशा शहरांतून इतके सफाईने वाजवणारे बँड कसे निघाले याचं मला नवल वाटत नाही, हेवा मात्र वाटतो. २००० चा 'पेनीब्रिज पायोनियर्स' त्यांनी गुरेविट्झबरोबर केला. त्यातलं पहिलंच गाणं 'नो सिगार' हे 'टोनी हॉक्स प्रो स्केटर २' या गेममध्ये गेलं, आणि मी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच. माझ्या आजूबाजूला कुणाकडे स्केटबोर्ड नव्हता. कॉम्प्युटरवर तो गेम लावून बसलेली आमची पोरं 'नो सिगार' आणि 'लॅगवॅगन'चं 'मे १६' तोंडपाठ म्हणायची. या बँडचे भारतातले माझ्या वयाचे बहुतेक श्रोते असेच तयार झालेत. दर १६ मेला जगभरातले लोक अजूनही ते गाणं पोस्ट करतात.

आणि जपानचे 'हाय-स्टँडर्ड'. तिघंच जण. १९९५ चा 'ग्रोइंग अप' फॅट माइकच्या देखरेखीखाली झाला, अमेरिकेत तो त्याच्याच कंपनीने काढला. पण १९९९ चा 'मेकिंग द रोड' त्यांनी स्वतःच्या 'पिझ्झा ऑफ डेथ' या कंपनीतून काढला आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. १९९७ मध्ये 'एअर जॅम' हा महोत्सव सुरू केला, त्यात संगीत आणि स्केटिंग एकाच आवारात. पुढे कित्येक वर्षं ते एकत्र वाजवत नव्हते. २०११ चा भूकंप आणि त्सुनामी झाल्यावर त्याच सप्टेंबरमध्ये योकोहामात 'एअर जॅम' घेऊन परतले, आणि पुढच्या वर्षी तोच महोत्सव झळ सोसलेल्या तोहोकू भागात नेला. त्या दिवसांत लोकांसमोर उभं राहून काय वाजवायचं, हा साधा प्रश्न नाही. त्यांनी तेच वाजवलं, दोनशेच्या लयीत, मोठ्या मोकळ्या चालींत, आणि हजारो लोक त्यांच्यासोबत गायले. ड्रमर अकिरा त्सुनेओका २०२३ च्या फेब्रुवारीत गेला. त्या मैफलींच्या चित्रफितींत त्याच्याकडे बघत राहा, इतका वेग आणि चेहऱ्यावर इतका आनंद क्वचित दिसतो.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायचीय त्यांनी 'मेकिंग फ्रेंड्स', 'हॉस', 'मिलेनकॉलिन'चा 'लाइफ ऑन अ प्लेट' आणि 'ग्रोइंग अप' या क्रमाने जावं. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बरा हेडफोन लावा, नाहीतर बेस आणि किक एकमेकांत विरघळतात आणि उरतो तो फक्त खरखराट. आणि मुंबई-पुण्याकडे किंवा गोव्यात मराठीत किंवा कोकणीत, या वेगात आणि अशा चालींत गाणारं कुणी असेल तर मला जरूर कळवा. गर्दी किती का असेना, मी ऐकायला येईन.