गार पाण्याने पोटात तेल गोठतं म्हणे!

उन्हाळा आला की हा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर हमखास येतो. म्हणे जेवणानंतर गार पाणी प्यायलं की खाल्लेलं तेल पोटात घट्ट होतं, त्या गाळाची आम्लाशी रिअ‍ॅक्शन होते, मग तो अन्नाच्या आधी आतड्यात शोषला जातो, आतड्याला आतून थर बसतो, त्याची चरबी होते आणि शेवटी कॅन्सर. खाली हात जोडलेले, "दहा जणांना पाठवा". एकेक घेऊ.

"तेल घट्ट होतं." कुठलं तेल ते आधी सांगा ना. तेल-तूप म्हणजे ट्रायग्लिसराइड, एका ग्लिसरॉलला लटकलेल्या फॅटी अ‍ॅसिडच्या तीन साखळ्या, आणि ते कधी गोठणार हे त्या साखळ्यांवर ठरतं. सॅच्युरेटेड, म्हणजे कुठेच डबल बाँड (दोन कार्बनमधला दुहेरी बंध) नसलेल्या, साखळ्या सरळ असतात, एकमेकींना खेटून बसतात, म्हणून अठरा कार्बनचं स्टिअरिक अ‍ॅसिड ६९ अंशांच्या आसपास वितळतं. तेवढ्याच लांबीच्या ओलेइक अ‍ॅसिडमध्ये मधे एक डबल बाँड आहे, त्याने साखळी वाकते, नीट खेटता येत नाही, ते १३-१४ अंशांलाच पातळ होतं. सूर्यफूल, सोयाबीनची तेलं तर फ्रिजमध्येही पातळच राहतात. खोबरेल बहुतेक सगळं सॅच्युरेटेड, पण साखळ्या आखूड, म्हणून साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते ती त्यामुळेच.

आता पोटाचा हिशोब करा. ७०० ग्रॅम जेवण ३७ अंशांवर आहे आणि वर ५ अंशांचं पाव लिटर पाणी ओतलं, तरी नुसत्या मिसळण्यानेच सगळं २८-२९ अंशांवर येतं (जेवणही पाण्याइतकीच उष्णता धरतं असं समजून), आणि आजूबाजूचं रक्त गरम करतच असतं, अर्ध्या तासात सगळं परत शरीराच्या तापमानाला. म्हणजे खोबरेलसुद्धा गोठत नाही. पुरणपोळीवरचं तूप थोडा वेळ दाणेदार होईल, एवढं मान्य. बस.

"आम्लाशी रिअ‍ॅक्शन होऊन तुटतं." जठरातल्या आम्लाने तेल तुटत नाही हो. ते तोडतं लायपेज नावाचं एन्झाइम, थोडं जठरात आणि मुख्य काम लहान आतड्यात, स्वादुपिंडातून आलेलं. पण लायपेज पाण्यात आणि तेल पाण्यापासून फटकून, म्हणून मधे पित्त लागतं. पित्तातले क्षार एका बाजूने तेलाला धरतात, दुसऱ्या बाजूने पाण्याला, भांड्याच्या साबणासारखे, आणि तेलाचे बारीक बारीक थेंब करून ठेवतात. गंमत म्हणजे हे क्षार लिव्हर कोलेस्टेरॉलपासून बनवतं, ज्याला आपण उठताबसता शिव्या घालतो.

"अन्नाच्या आधी शोषलं जातं." उलटं आहे! तेलकट जेवणाने जठर हळू रिकामं होतं, म्हणून तर श्रीखंड-पुरीनंतर तास-दोन तास हलवत नाही. आणि फॅट शोषलं जाताना साखरेसारखं थेट रक्तात जात नाही, आतड्याच्या पेशी तुटलेले तुकडे परत जोडतात, त्यावर प्रोटीन आणि फॉस्फोलिपिडचं कवच चढवतात, त्याला कायलोमायक्रॉन म्हणतात, आणि ते आधी लिम्फमध्ये (वेगळ्या नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवात) जातं, मग रक्तात.

"आतड्याला थर बसतो." आतड्याचं अस्तर तीन-पाच दिवसांत नवीन होतं, थर बसणार कशावर? शिवाय त्या पेशींचं आवरणही लिपिडचंच, म्हणजे चरबीच्याच जातीचं आहे, दोन थरांचं.

"त्याची चरबी होते." ती आधीपासून चरबीच होती राव. जास्त खाल्लं तर अंगावर साठते, पाणी गार असो की कढत.

कॅन्सरचं तर सरळच, मुळात थरच बसत नाही तर त्यातून कॅन्सर कुठून आणणार.

बरं, गोठलेल्या तेलाची एवढीच धास्ती असेल तर वनस्पती तुपाकडे बघा. तिथे पातळ तेलात कारखान्यात हायड्रोजन घालून घट्ट करतात, आणि ते अर्धवट केलं की काही डबल बाँड ट्रान्स होतात, म्हणजे वाकडी साखळी सरळ होते. हे ट्रान्स फॅट एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतं आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी करतं, म्हणून आपल्याकडे एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. यावर फॉरवर्ड आलेला मी तरी पाहिला नाही.

अन्ननलिकेचा अ‍ॅकलेशिया (तिच्या तळाचा स्नायू गिळताना नीट सैल न होण्याचा आजार) असेल तर मात्र गार पाण्याने गिळताना त्रास होऊ शकतो, त्यांनी कोमटच प्यावं. बाकीच्यांनी माठातलं घ्या नाहीतर फ्रिजमधलं.