घामोळं म्हणे!

आमच्या त्या पाहुणीला माहीत होतं, घरात खरूज आहे ते! आमच्याकडे राहायला यायच्या आधीपासून माहीत होतं! आणि काल फोनवर किती सहज म्हणते, "अगं हो, आमच्याकडेही तेच निघालं होतं, डॉक्टरांनी मलम दिलंय."

चार दिवस राहून गेली. तिची पोरं माझ्या पोरांच्या पांघरुणात झोपली. तिच्या धाकट्याच्या बोटांच्या बेचक्यातलं लाल पुरळ पाहून मी विचारलंही होतं, "हे काय गं?" "काही नाही, घामोळं." बोटांच्या बेचक्यात घामोळं! आणि मी ते ऐकून घेतलं, याचा संताप वेगळाच.

खरूज आहे ही, खरूज. एवढं सांगताना तोंड झिजलं असतं का?

पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर अंगावर काही दिसत नाही, पण ती पसरत असते. म्हणजे ही बाई गेल्यावर महिनाभर आम्ही एकमेकांना वाटत बसलो होतो. आता पाचही जणांना आहे. रात्री दिवा मालवला की सुरू. लेक तर झोपेतच पोट ओरबाडते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी भिंगातून तिच्या मनगटावरची रेघ दाखवली. केसाएवढी, करडी, नागमोडी. कातडीत खरजेच्या किड्याच्या मादीने पोखरलेलं बीळ, आणि त्यात ती रोज दोन-तीन अंडी घालते. मादी अर्ध्या मिलिमीटरचीही नसते. अख्ख्या अंगावर मिळून बहुतेकदा दहा-पंधराच किडे असतात, आणि तेवढ्यांनी घर पहाटेपर्यंत जागं!

"लोक काय म्हणतील" म्हणून लपवलं म्हणे. अगं, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. कातडीला कातडी बराच वेळ लागली की झाली, तिला तुमचं घराणं कळत नाही. लाज कसली त्यात? लाज वाटायला हवी ती दुसऱ्याच्या पोरांशेजारी गुपचूप आपली पोरं झोपवल्याची.

आणि लावायचं तरी नीट लावा! हिने फक्त जिथे खाजतं तिथे मलम लावलं, तेही एकट्या धाकट्याला. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, रात्रभर ठेवायचं. खाज असो नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. आठवड्याने पुन्हा. नवरा म्हणे, "मला कुठे खाजतंय?" त्याला मी कसं उभं करून लावलं ते माझं मला माहीत. एक शेजारीण तर स्टेरॉइडची ट्यूब घेऊन आली, "हिने एका दिवसात उतरतं." खाज उतरते, किडा आत मजेत राहतो, आणि पुरळ असं बदलतं की डॉक्टरही फसावा!

हीच माणसं "डोळे आलेल्याकडे बघू नकोस, तुलाही येतील" म्हणून काळा चष्मा लावतात आणि त्याच घरात एकच टॉवेल चौघं वापरतात. बघून नाही येत हो, हातांनी येतात! सर्दीला उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या हीच गिळतात, व्हायरसला त्याने काहीही होत नाही तरी. फ्लूने फणफणलेली कामावर येतात आणि तळहातात खोकून तोच हात दाराच्या मुठीला लावतात. संडासातून येऊन बोटांची टोकं पाण्याला दाखवतात, झाले हात धुऊन! सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना हात धुवायला लावले ते 1847 साली, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. अजून साबणाला हात लावायला सांगावं लागतं!

दोन दिवस कपडे उकळते आहे. जे धुता येत नाही ते पिशव्यांत करकचून बांधून ठेवलंय, माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांवर टिकत नाही म्हणून. लेक तिच्या कापडी सशासाठी रडतेय, तो पिशवीत आहे. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते म्हणे. हे त्या चिमुरडीला कसं समजवायचं? रात्री तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरून बसते, ओरबाडू नये म्हणून.

रविवारी दुसऱ्यांदा मलम. त्या पाहुणीला फोन करून सांगितलं, तुम्हीही सगळ्यांनी लावा, पूर्ण अंगाला.

"बघू," म्हणाली.