हवा? अंगठ्याने बघा, भाऊ!

गाडीच्या हवेचं एवढं काय घेऊन बसलात? लाथ आहे ना? पंपावर उभ्या-उभ्या मागच्या टायरला टाच हाणायची. टाच उसळली म्हणजे हवा ठणठणीत. समाधान झालं नाही तर अंगठा दाबा. हवेचा दाब १५ पीएसआय असो की ३०, अंगठ्याला सारखंच कडक लागतं. चेनकव्हरवर कंपनीने आकड्यांचं स्टिकर लावलंय, त्याच्यावर चिखल बसू द्या.

हवेवाल्या पोऱ्याने विचारलंच, "कितली भरू, भाऊ?" तर म्हणा, "मार दोन्हीकडे चाळीस!" साध्या १०० सीसीच्या गाडीला एकट्यासाठी पुढे २५, मागे २८च्या आसपास पुरते, पण आपण काय साधे आहोत? फुगलेला टायर मधोमधच टेकतो, मधलीच नक्षी झिजते, ब्रेक मारला की गाडी सरकते. सरकू द्या, वेग कमी झाल्याचं कुणाला दिसायला नको.

हवा मे महिन्यातच तपासा, तीही भर दुपारी. भुसावळला पारा ४५च्या वर, वरणगावहून तापलेल्या डांबरावरून आलात की हवा मोजायचं गेज चार-पाच आकडे जास्त दाखवणारच. लगेच पिन दाबून ती 'जादा' हवा सोडून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाला की बसेल खाली. टायर गार असतानाच मोजायचं असतं म्हणे. पण सकाळी सकाळी चहा सोडून कोण जातं?

बसलेल्या टायरवरच खरी मजा. टाकीवर पोरगं, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी, हँडलला केळीची फणी, आणि निघा चाळीसगावहून कन्नड घाटाकडे. टायरची बगल फेऱ्यागणिक दुमडते, आतून तापते, ॲव्हरेज पडतं. वळणावर गाडी डुलते. टायर रिमवर सरकला तर ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातूनच उखडतो. त्याला पंक्चर लागत नाही, नवी ट्यूबच टाकावी लागते, तीही घाटात. पंक्चरवाल्यालाही पोट आहेच.

व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर शोधू नका. धूळ पिनेत बसली की हवा आपोआप रोज थोडी सुटते.

आणि मेकॅनिक सांगेल, दोन-तीनशेचं गेज घेऊन टाका. अजिबात नाही! तेवढ्यात नंबरप्लेटवरच्या ४१४१चं 'दादा' होतं, आणि ते चौकातून वाचता येतं. हवा कुणाला दिसते?