आगोटीचा हिशोब आणि माझ्या खिशातले ३,४१२ लेख

२२ मे २०२५. बाहेर पाऊस कोसळतोय, ओटीवर आंब्याच्या पेट्या अर्ध्या भरलेल्या, पेंढा भिजू नये म्हणून मी आणि गडी ताडपत्री ओढतोय, आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर बातमी आली की पॉकेट बंद होतंय.

त्या वर्षी पाऊस कसा आला ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. २६ मे ला मान्सून मुंबईत पोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधीच नाही. आमची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, अर्धी राहिली. लाकडं भिजली, पापड वाळले नाहीत. पण मला घोर लागला होता पॉकेटचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इंटरनेटवर लेख दिसला, आत्ता वेळ नाही, की बटण दाबायचं, लेख 'नंतर' साठी जमा. २००७ मध्ये हे निघालं तेव्हा नावच 'रीड इट लेटर' होतं. २०१२ मध्ये पॉकेट झालं, २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने विकत घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद केलं. आपली यादी उतरवून घ्यायला पुढे काही महिने दिले होते. मी ती पहिल्याच आठवड्यात उतरवली. ३,४१२ ओळी. रोज एक लेख वाचला तरी नऊ वर्षं आणि वर चार महिने.

आई समोर बसून सुके बोंबील निवडत होती. मला काहीतरी पुटपुटताना बघून विचारलं, "काय मोजतोयस रे?"

"वाचायचे लेख."

"किती झाले?"

"तीन हजार चारशे बारा."

बोंबलाचं डोकं मोडून बाजूला टाकत म्हणाली, "आणि पाऊस किती म्हयन्यांचा हाय?"

मी हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण आईची आगोट म्हणजे नुसता साठा नसतो, हिशोब असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. मग श्रावण, तेव्हा आमच्या चुलीवर मासळी चढत नाही. म्हणजे सोडे, जवळा, बोंबील धरायचे ते गटारीपर्यंतचे, वर थोडे गणपती गेल्यानंतरचे. कुळीथ वेगळा, आमसुलं वेगळी, मसाला वर्षाचा. कुठल्या डब्याला कधी हात लागणार हे डबा भरतानाच ठरलेलं असतं. आणि गेल्या वर्षीचं उरलेलं काही निघालं तर ते नव्यात मिसळत नाही, सरळ माडाच्या आळ्यात.

माझ्या साठ्यात असं काही नव्हतं. यादी चाळली तेव्हा कामाचा वेग वाढवण्यावरचे ६१ लेख सापडले. त्यातले चार 'साठवलेले लेख वाचायची सवय कशी लावावी' यावर. न वाचलेले.

हे फक्त लेखांचं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. मेलचा किस्सा ऐका. आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, बुकिंग बरंचसं मेलवर. २०२३ मध्ये मी कुठलातरी व्हिडिओ बघून सात रंगांची सात लेबलं केली होती. पिवळं म्हणजे 'पाहायचं', केशरी म्हणजे 'लवकर पाहायचं', असं. पुण्याच्या एका मंडळींनी तारीख २३ डिसेंबरवरून १६ करता येईल का असं विचारलं होतं. मी मेल वाचला, जागा नाही हे मनात नोंदलं, केशरी लेबल लावलं आणि इनबॉक्स रिकामा झाल्याच्या समाधानात झोपलो. उत्तर लिहायचं राहिलं. १६ ला शनिवारी संध्याकाळी अंगणात टेम्पो ट्रॅव्हलर उभी. अकरा माणसं, दोन आजी, एक तान्हं मूल. आमचा होकार गृहीत धरून आलेली. दोन्ही खोल्या भरलेल्या. शेवटी शेजारच्या काकूंच्या माडीवर गाद्या टाकल्या आणि बायकोने रात्री नऊला परत भाताचं आधण ठेवलं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

'इनबॉक्स झिरो' हा शब्द मर्लिन मान नावाच्या अमेरिकन माणसाने २००६-०७ च्या सुमाराला आणला. गंमत अशी की त्यातला शून्य मेलच्या संख्येचा नव्हताच. तुमच्या डोक्याचा किती भाग त्या इनबॉक्समध्ये अडकलाय, त्याचा होता. आपण शून्य तेवढा उचलला. माझा इनबॉक्स त्या दिवशी लख्ख रिकामा होता की!

तसंच त्या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं, निकलस लुमानचं. नोंदींच्या अ‍ॅपवरचा कुठलाही व्हिडिओ उघडा, त्याच्या ९० हजार चिठ्ठ्यांची कथा येतेच. पण लुमान त्या चिठ्ठ्या काढून पुस्तकं लिहीत होता हो. रोज काढत होता म्हणून रोज टाकत होता. आपण अ‍ॅपमध्ये नोंदींचा 'दुसरा मेंदू' बांधायला बसतो आणि पहिल्याला सुट्टी देतो.

आता मी काय करतो ते सांगतो. कोणी विचारलेलं नाही, पण फेसबुक कशासाठी आहे.

मेलची सातही लेबलं काढली. उत्तर दोन ओळींचं असेल तर वाचल्याजागी देतो, नाहीतर स्नूझ करून नेमक्या दिवशी परत बोलावतो. 'पाहायचं' हा दिवस कुठल्याच पंचांगात नाही, हे मला अकरा माणसांनी शिकवलं. जाहिरातीचे मेल दिसतील तसे बंद केले. दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना २०२४ पासून एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावीच लागते, तेव्हा पूर्वीसारखं तळाशी बारीक अक्षरात शोधत बसायला लागत नाही. आणि जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून जे १५ जीबी फुकट असतात ते भरत आले म्हणून मोठी जोडपत्रं शोधली, तर पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती निघाल्या, सहा वर्षांच्या. लोकांची आधार कार्डं आपल्या मेलमध्ये अशी पडून ठेवणं म्हणजे त्यांच्या घराची किल्ली आपल्या खुंटीला लटकवणं. सगळ्या पुसल्या. तुमचं होमस्टे असेल तर आजच बघा.

नोंदींचा धडा त्याआधीच मिळाला होता, ३ जून २०२० ला. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, आमच्या दापोली तालुक्यात माड आडवे, पोफळी भुईसपाट, वीज आणि रेंज दोन्ही गेली. आंब्याची उधारी, कोणाच्या किती रिकाम्या पेट्या यायच्या, सगळं मी एका देखण्या अ‍ॅपमध्ये ठेवलं होतं. बॅटरीवर मोबाइल चालू होता, अ‍ॅपही उघडत होतं, पण आत पांढरी पाटी. नोंदी ढगात, म्हणजे अ‍ॅपवाल्यांच्या सर्व्हरवर, आणि ढगांनी त्या दिवशी वेगळंच काम हातात घेतलेलं. तेव्हापासून हिशोबाच्या नोंदी साध्या टेक्स्ट फायलींत असतात, ज्या फोनमध्येच राहतात. वर ऑब्सिडियन नावाचं नोंदींचं अ‍ॅप वापरतो, उद्या ते गेलं तरी फायली कुठल्याही डबड्या लॅपटॉपवर उघडतील. कागदाची वही बरी, असं म्हणणाऱ्यांना सांगतो, आमच्या पडवीचं छप्पर उडालं तेव्हा वडिलांच्या वह्यांचा लगदा झाला होता. कागदाचं कौतुक मला सांगू नका.

आणि लेख? साठवतो अजून. खोड आहे, जात नाही. पण आता आगोटीसारखे. फार तर चाळीस, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून आलो की उरलेले सगळे पुसायचे. पहिल्या वर्षी हात थरथरला. चार दिवसांनी काय पुसलं तेही आठवेना.

त्या ३,४१२ मधून शेवटी सात ठेवले. एक होता माडावरच्या पांढऱ्या माशीचा, ती पानांवर गोल गोल नक्षी काढते ती. त्यात नीट लिहिलेलं होतं की जहाल औषध मारू नका, त्याने माशीला खाणारे मित्रकीटक मरतात. पानांच्या खालून जोराने पाणी मारा, कडुनिंबाचं तेल फवारा, पिवळे चिकट सापळे लावा. मी तो वाचत गेलो आणि घाम फुटत गेला. २०२२ मध्ये आमच्या परसातल्या चार माडांची झापं काजळी धरून काळी पडली, तेव्हा मी गावभर विचारत फिरलो आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून सगळ्यात जहाल औषध आणून मारलं होतं. दोन माड गेले.

लेख साठवल्याची तारीख बघितली. ऑगस्ट २०१९. तीन वर्षं माझ्याच खिशात होता.