टेल्लाचे ९० एमपी आणि लान्सचा ड्रॅगनाइट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नुसतं 'पटलं नाही' लिहून तुम्हाला मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही उदाहरणं घेऊन भांडलात. म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की व्हिडिओ गेममधली लेव्हल (लढून अनुभव मिळवला की वाढणारा ताकदीचा आकडा) खेळणाऱ्याची असते, पात्राची नव्हे, आणि कथेत कोण किती बलवान हे तिच्यावरून ठरवू नये. तुमचा आक्षेप असा, की गेम बनवणाऱ्यांनी जसे संवाद लिहिले तसेच आकडेही लिहिले, मग संवाद तेवढे खरे आणि आकडे खोटे कसे? दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: 'त्याच लेखात टेल्लाचे ९० एमपी (जादू वापरायला लागणारे गुण) पुरावा म्हणून मांडता, आणि बाकीचे आकडे बाजूला ठेवायला सांगता. सोयीचं तेवढं घ्यायचं, असं चालणार नाही.'

दुसऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो मला लागला.

'फायनल फॅन्टसी ४' (१९९१) मधला टेल्ला हा म्हातारा जादूगार. खलनायक गोल्बेझच्या हल्ल्यात त्याची मुलगी ॲना गेली, आणि सूडासाठी त्याला मीटिओ ही सर्वांत भयंकर जादू हवी होती. ती त्याला मिळते. पण मीटिओला लागतात ९९ एमपी, आणि टेल्लाचे जास्तीत जास्त एमपी ९०.

हा गेम मी आणि माझ्या चुलतभावाने दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर एमुलेटर (जुने गेम चालवणारा प्रोग्राम) टाकून खेळला. मीटिओ यादीत दिसायची, पण वापरता यायची नाही. आम्हाला वाटलं, नऊच तर कमी आहेत, दोन-तीन लेव्हल वाढवल्या की झालं. भावाने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: लेव्हल, एमपी, ताकद. मग तीन संध्याकाळी आम्ही फक्त ग्राइंडिंग केलं, म्हणजे लेव्हल वाढवायला तेच तेच राक्षस मारत बसलो. लेव्हल वाढली की मेनू उघडायचा आणि आकडे उतरवायचे. एमपीच्या रकान्यात ९०, ९०, ९०. ताकदीचा रकाना तर खालीच सरकत होता. आधी वाटलं, उतरवताना माझी चूक झाली. परत पाहिलं, तर आकडा तोच. भावाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "अरे, हा म्हातारा होतोय."

पुढे झॉटच्या मनोऱ्यात टेल्ला गोल्बेझवर मीटिओ टाकतोच, आणि जीव गमावतो. वरचे नऊ एमपी त्याने कुठून आणले, ते त्या वहीमुळे आम्हाला कुणी न सांगताच कळलं होतं.

या आकड्याला मी पुरावा म्हणतो तो यासाठी, की आम्ही कितीही घाम गाळला तरी तो जागचा हलला नाही. माझ्या मेहनतीने जो आकडा वर-खाली होतो तो माझ्याबद्दल बोलतो. मी किती तास बसलो, किती वाट वाकडी करून राक्षस मारत फिरलो, एवढंच त्यात असतं. जो आकडा बनवणाऱ्याने खिळा ठोकून बसवलाय, तो कथेचा असू शकतो. ही कसोटी मी मागच्या लेखात मांडायलाच हवी होती. मांडली नाही, त्यामुळे सगळं सोयीस्कर वाटलं. ती चूक माझी.

'असू शकतो' हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण खिळा ठोकलेला प्रत्येक आकडा कथाच सांगतो असंही नाही. इथेच घोडं पेंड खातं, आणि तुम्ही दिलेलं लान्सचं उदाहरण नेमकं इथलंच आहे. पहिल्या पोकेमॉन गेम्समध्ये लान्स हा एलिट फोर, म्हणजे शेवटाकडे भेटणाऱ्या चार कसलेल्या प्रशिक्षकांमधला शेवटचा, आणि त्याचा ड्रॅगनाइट (ड्रॅगनसारखा पोकेमॉन) ६२ लेव्हलचा. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' (१९९९) ची कथा त्यानंतर तीन वर्षांनी घडते. मधल्या काळात लान्सला बढती मिळून तो चॅम्पियन झालाय. मग त्याचे ड्रॅगनाइट केवढ्या लेव्हलचे? दोन ४७ चे आणि एक ५० चा. तुम्ही म्हणता, आकडा बनवणाऱ्यानेच लिहिलाय, तेव्हा लान्स कमकुवत झाला असं मानावं लागेल. पण मग ड्रॅगनेअर या पोकेमॉनचा ड्रॅगनाइट होतो तोच मुळी ५५ व्या लेव्हलला. म्हणजे लान्सचे तिन्ही ड्रॅगनाइट त्या गेमच्या स्वतःच्याच नियमात बसत नाहीत. तो आकडा खरा मानला तर लान्स दुबळा ठरत नाही, तो अशक्य ठरतो.

कारण साधं आहे. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये लान्सला हरवल्यावर गेम संपत नाही. पुढे अख्खा कांटो प्रदेश फिरायचा असतो, आणि अगदी शेवटी माउंट सिल्व्हरवर पहिल्या गेम्सचा नायक रेड उभा असतो, ८१ लेव्हलचा पिकाचू घेऊन. मधल्या टप्प्यावर लान्स ६५ चा ठेवला असता तर बहुतेक मुलं तिथेच अडकली असती. तो ५० म्हणजे रस्त्याचा चढ आहे, माणसाची उंची नव्हे. गावातले लोक त्याच्याबद्दल ज्या आदराने बोलतात, त्यात काही कमी झालेलं नाही. म्हणून माझ्या कसोटीला दुसरा भाग जोडतो: आकडा आणि प्रसंग एकमेकांना धरून असले पाहिजेत. टेल्लाचा आकडा त्याच्या मरणाला धरून आहे. लान्सच्या आकड्याला कथेत कशाचाच आधार नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. लेव्हल ही कल्पना जन्माला आली तेव्हा ती कथेतलीच गोष्ट होती. १९७१ च्या 'चेनमेल' या युद्धखेळात 'हिरो' म्हणजे चार माणसांच्या तोडीने लढणारा आणि 'सुपरहिरो' म्हणजे आठांच्या. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हा चौथ्या लेव्हलच्या योद्ध्याचं नाव हिरो आणि आठव्याचं सुपरहिरो असंच ठेवलं गेलं. नवव्या लेव्हलला तो 'लॉर्ड' व्हायचा, गढी बांधून जमीन राखायचा. म्हणजे लेव्हल ही त्या जगातली पदवीच होती, आणि तिथल्या माणसांना ती ठाऊक होती. अगदी पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) मध्येसुद्धा पुढच्या लेव्हलला किती अनुभव लागेल हे राजाच सांगतो. पुढे गेम लांबत गेले, तासन्‌तास लेव्हल वाढवणं हाच खेळ झाला, आणि ती पदवी बऱ्याच ठिकाणी नुसता हिशेब होऊन राहिली. मागच्या लेखात मी हा इतिहास वगळला होता. तो धरला तर 'लेव्हल पात्राची नव्हेच' हे माझं वाक्य फार ठाम झालं होतं. ते मागे घेतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. 'फायनल फॅन्टसी ७' (१९९७) मधला खलनायक सेफिरॉथ ५० लेव्हलचा दिसतो, आणि तुमचा नायक क्लाउड ९९ ला पोचलाय. मग क्लाउड त्याच्या दुप्पट का नाही?

कारण तुमचा ९९ तुम्ही मिळवलाय. तो किती झाला पाहिजे याचा कथेत कुणी उल्लेखही करत नाही. सेफिरॉथचा ५० फक्त काल्म गावच्या सरायीत क्लाउड जी हकिगत सांगतो तिच्यात दिसतो. तुम्ही काहीही केलं तरी तो ५० च राहतो, आणि त्याच्या शेजारी क्लाउडची लेव्हल असते १. निबेलहाइम गावाच्या वाटेवर ड्रॅगनचा घाव सेफिरॉथवर बसतो तेव्हा शून्य उमटतं. क्लाउडवर बसतो तेव्हा क्लाउड आडवा. आणि हाच क्लाउड त्याच वेळी सांगत असतो की तेव्हा मी फर्स्ट क्लास सोल्जर (निवडक लढवय्यांच्या दलातला) होतो! पुढे कळतं की तो नव्हता, साधा शिपाई होता. कित्येक तासांनंतर उघड होणारी ही गोष्ट त्या '१' ने आधीच सांगून टाकलेली असते. क्लाउडचं बोलणं खोटं होतं आणि आकडा खरा. तुमच्या बाजूने याहून भक्कम उदाहरण मला माहीत नाही, आणि ते तुम्ही दिलंच नाहीत.

जुना सेव्ह शिल्लक असेल तर तो भाग पुन्हा लावून बघा. डोंगर चढण्याआधी एकदा मेनू उघडा आणि दोघांच्या लेव्हल शेजारी शेजारी पाहा. मग लान्सबद्दल अजूनही भांडायचं असेल तर मी इथेच आहे.