मशीनची बोली

ग्रुपवर चार दिवस एकच वाद चाललाय. एक रोबो, दोन-तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनी) असे छोटे छोटे कारखाने एका ॲपला जोडायचे, काम आलं की लिलाव, सगळ्यात कमी रेट टाकेल त्याला जॉब, प्लॅनिंगवाला नको की दलाल नको. मी नुसतं "पण" म्हटलं की लगेच, "तू तिकडे बसून काय सांगतोस!"

अरे, तिकडे म्हणजे जर्मनीत, श्टुटगार्टलाच बसलोय. इथे उंटरट्युर्कहाइमच्या कारखान्यात डाइमलरच्या (मर्सिडीजवाले) सिलेंडर हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, १९९० च्या दशकाच्या शेवटी हेच करून झालंय, पार्ट स्वतःच पुढच्या ऑपरेशनचा लिलाव मांडायचा आणि मशिनी बोली लावायच्या. त्याच्याही आधी अमेरिकेत फोर्ट वेनला जनरल मोटर्समध्ये डिक मॉर्लीने (पीएलसी, म्हणजे कारखान्यातल्या मशिनी चालवणारा छोटा कॉम्प्युटर, त्याचा जनक, तोच) पेंट बूथना ट्रकवर बोली लावायला लावली. ज्या बूथमध्ये आत्ता पांढरा चालूय त्याला पुढचाही पांढराच परवडतो, रंग बदलायचा तर पाइप धुवा, आतला रंग वाया, म्हणून तिथे बोली महाग. म्हणजे सेटअप, रांग, सगळं बोलीतच आलं. नुसता कमी रेट म्हणजे घासाघीस झाली, ती तुमच्याकडे, म्हणजे आपल्याकडे, ॲपशिवायही जोरात चालते.

आणि तिथे सगळ्या मशिनी एकाच मालकाच्या, खोटं बोलून कुणाचं काय भलं होणार? वीस मालक आले की बोली मशीनची नसते, मालकाची असते, आणि तो ऑर्डर धरायला "उद्या देतो" म्हणणारच. विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ ला तोड दाखवली होती, काम सगळ्यात कमीवाल्याला द्या पण पैसे दुसऱ्या नंबरच्या रेटने, मग खरा रेट सांगण्यातच फायदा. ठीक, रेटचं खोटं मिटलं, तारखेचं? त्याला दंड लागतो. रिजेक्शन कुणाच्या माथी हेही आधी लिहायला लागतं, आणि बाजार इतका छान तर कंपन्या कशाला या प्रश्नाला कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ ला हेच उत्तर दिलंय, दर वेळी भाव ठरवून करार करायलाच खर्च येतो.

खरं सांगू का, एवढं लांबलचक मी फक्त ग्रुपवर टाइप करतो. इथे मीटिंगला प्लॅनर आणि बेट्रीब्सराटवाले (कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी) भराभर बोलत असतात, माझं जर्मन वाक्य मनात जुळेपर्यंत विषय तीन मुद्दे पुढे. बोली लावायला आधी बोली यावी लागते. अकरा वर्षं झाली. तुम्ही निदान भांडता तरी.

काल त्यातल्याच एकाने पर्सनलवर विचारलंय, दंडाचा नियम लिहून देतोस का. रविवारी बसतो म्हटलंय.