नऊ ऑगस्ट, पाच किलो गेरू आणि फिरता ‘वारली’ मेसेज

मावशीच्या सोसायटीने पाच किलो गेरू आणून ठेवलाय. कारण तो मेसेज, जो आता प्रत्येक ग्रुपवर येऊन पोचलाय: ‘९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन. मुंबईच्या मातीतली वारली कला आपल्या भिंतीवर आणा!’ खाली सहा मुद्दे. वारली दहा हजार वर्षं जुनी आहे. गेरू आणि तांदळाच्या पिठाचं चित्र बाहेरच्या भिंतीवर दहा वर्षं टिकतं. गोल, त्रिकोण, रेघ आली की झालं, स्टेन्सिल आणा, चित्रकार लागत नाही. आदिवासी कलेवर कुणाचाच हक्क नसतो, ती सर्वांची. गेटवर लग्नाचा चौक काढा, शुभ असतो. आणि वारली म्हणजेच कोळी. शेवटी हात जोडलेली चित्रं आणि ‘पुढे पाठवा’.

गेरू आधीच आलाय, म्हणून सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून.

वारली घराची भिंत म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण, त्यावर गेरूचा हात. चित्र निघतं ते छपराखाली, बहुतेक वेळा आतल्या भिंतीवर, आणि लग्नासारख्या प्रसंगापुरतं. ते वर्षानुवर्षं टिकावं ही अपेक्षाच नसते. पुढच्या लग्नाला नवं लिंपण आणि नवं चित्र. तांदूळ भिजवून गंधासारखा वाटायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाली लेखणी. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रेघेचा पापुद्रा सुटतो. ही पेस्ट ओली असताना फिकी दिसते आणि वाळल्यावर पांढरी उमटते. नवखा माणूस घाई करून ओल्यावरच दुसरा हात मारतो, आणि मग जाड थर तडकतो. उरलेली पेस्ट दुसऱ्या दिवशी आंबते. शेवटी ते पीठच आहे. ओल मिळाली की त्यावर बुरशी येणार, मुंग्या येणार.

आता हेच सिमेंटच्या कंपाउंडवर, मुंबईत, नऊ ऑगस्टला! जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात, बाहेरच्या भिंतीला तांदळाचं पीठ लावायचं आणि दहा वर्षं वाट बघायची. गेरूचा रंग उन्हाने उडत नाही, एवढं खरं. ती लोहयुक्त माती आहे. पण तिला भिंतीला धरून ठेवणारं काही तिच्यात नाही. शेणामातीत गेरू मुरतो, सिमेंटवर नुसता बसतो. बोट लावलं की बोटाला येतो आणि पहिल्या सरीला गेटबाहेर लाल ओहोळ निघतो. मग कुणीतरी हुशारी करून त्यात लाकूडकामाचा पांढरा गोंद घालतं. तो गोंद पाण्याने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे आधी पावडर गळायची तिथे आता सालं गळतात. डिस्टेंपरही नको, तो घरातल्या भिंतीसाठी आहे.

बाहेरच्या भिंतीवर टिकणारं चित्र हवं असेल तर काम असं होतं. हंगाम ऑक्टोबर संपल्यापासून मेपर्यंत. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्यायचे. जुनी भिंत असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टीने चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव धरलं असेल तर भिंत ओली आहे, थांबायचं. समुद्राजवळच्या भिंतींना पांढरी भुकटी सुटते, तो खार. तो पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडायचा, आठवड्याने बघायचं, पुन्हा आला तर पुन्हा झाडायचा. सतत येत असेल तर पाणी कुठून शिरतंय ते शोधायचं. बहुतेक वेळा ते भिंतीच्या माथ्यावरून शिरतं, कारण माथा सपाट असतो. त्याला उतार काढल्याशिवाय कितीही महागडा रंग लावला तरी तो फुगणारच.

मग बाहेरच्या कामाचा प्रायमर एक हात, गेरूच्या छटेचा एक्स्टिरियर इमल्शन दोन हात, मध्ये चार ते सहा तास, आणि चित्र त्याच जातीच्या पांढऱ्या रंगाने. एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण ५० चौरस फूट होतात. म्हणजे ४० फूट लांब, ५ फूट उंच भिंतीला पार्श्वभूमीचे ४ लिटर, पांढरा एक लिटर पुष्कळ झाला. खालचा फूट-दीड फूट कोरा सोडायचा. पावसाचे शिंतोडे चिखल घेऊन तिथेच उडतात, नाचणाऱ्यांचे पाय आधी जातात. आणि ओलसर भिंतीवर ‘संरक्षण म्हणून’ चकचकीत वार्निश मारायचं नाही. आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि फोड येतात.

आता चौथा मुद्दा, ज्याचा खरा राग आहे. ‘आदिवासी कलेवर कुणाचाच हक्क नसतो.’

यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य. दोन त्रिकोणांचा माणूस, चौकाची चौकट, ही परंपरा कुणा एकाच्या कॉपीराइटची नाही. पण एखाद्या चित्रकाराने स्वतः रचलेलं चित्र पूर्णपणे त्याचं असतं, मग तो गंजाडचा असो वा गिरगावचा. मुदत हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. डहाणूजवळच्या गंजाडचे नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे २०१८ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८ च्या अखेरपर्यंत चालतो. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र नेटवरून उतरवून भिंतीवर मारलंत, तर ती चोरीच. ‘लोककला’ म्हटल्याने ती माफ होत नाही.

दुसरी गोष्ट चित्रकारांनाही अनेकदा माहीत नसते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो. म्हणून कागद हवा. एक पान पुरतं: कॉपीराइट चित्रकाराचा, भिंतीवर त्याचं नाव आणि गाव, फोटो कॅलेंडरवर छापायचा तर वेगळे पैसे, भिंत पुन्हा रंगवायची तर आधी कळवणं. निम्मे पैसे आगाऊ. रंग, परांची, येणं-जाणं सोसायटीचं.

‘भिंत आमची, उद्या पुसू’ म्हणणाऱ्यांसाठी एकच निकाल सांगण्यासारखा आहे. अमरनाथ सहगल विरुद्ध भारत सरकार, दिल्ली उच्च न्यायालय, २००५. विज्ञान भवनातलं सहगल यांचं ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प सरकारनेच करून घेतलं होतं, पैसे सरकारचे, भिंत सरकारची. १९७९ मध्ये ते उखडून गोदामात टाकलं गेलं. न्यायालयाने उरलेले भाग कलाकाराला परत द्यायला लावले आणि वर ५ लाख रुपये भरपाई. कारण कलम ५७: मालकी गेली तरी कलाकृतीच्या निर्मात्याचा नैतिक अधिकार त्याच्याकडेच राहतो. जो अधिकार दिल्लीच्या शिल्पकाराला, तोच डहाणूच्या चित्रकाराला. कायद्यात ‘आदिवासी सोडून’ असं कुठे लिहिलेलं नाही.

शिवाय ‘वारली चित्रकला’ या नावाला १९९९ च्या कायद्याखालचं भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे. त्याचा अर्थ तुमच्या मुलीने वहीत त्रिकोणी माणूस काढू नये असा नाही. पण कुठल्या तरी कारखान्यात छापलेले मग ‘अस्सल वारली’ म्हणून विकणं त्यात बसत नाही, आणि मेसेजच्या शेवटी नेमकी तशा मगांची लिंक आहे.

स्टेन्सिल. वारली माणसाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे असतात. त्या एका ठिपक्याएवढ्या कमरेवर तो वाकतो, नाचतो, ओझं उचलतो. हाताने काढताना प्रत्येकाचा तोल वेगळा येतो. स्टेन्सिलमध्ये ती कमर कापता येत नाही, पत्रा तुटतो, म्हणून ती जाड करतात आणि सगळे जण पोटात काठी घातल्यासारखे ताठ. खरखरीत प्लास्टरवर कडांखालून रंग पसरतो ते वेगळंच. मेसेजसोबतच्या नमुन्यात तारपावाला नाचाच्या बाहेर, पाठ करून उभा आहे, आणि हातात चक्क सनईसारखं काहीतरी. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, म्हणजे वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा. तो मध्ये वाजतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळते. मधला माणूसच काढला तर ती माणसं कशाभोवती फिरताहेत? शिकून कुणीही वारली शैलीत काढावं, त्याला हरकत नाही. शिकून, एवढंच म्हणणं आहे.

लग्नचौकाबद्दल फार लिहायची गरज पडू नये. तो वारली लग्नात घराच्या भिंतीवर सवाशिणी काढतात, मध्ये सुफलतेची पालघट देवी असते, आजूबाजूला सूर्य, चंद्र, शिडी, फणी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, गाणी म्हणत लग्न लावते. शेजारी देवचौकात पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या. चौकाशिवाय लग्न लागत नाही. ही गोष्ट पार्किंगच्या गेटवर ‘शुभ’ म्हणून चिकटवायची? तुमच्या देवघरातलं कुणी उचलून त्यांच्या गेटला लावलं तर चालेल का? गेटवर शेती काढा, वाघोबा काढा, लोकल गाडी काढा. आजचे वारली चित्रकार शहरही काढतात आणि फार मजेदार काढतात.

दहा हजार वर्षांचा आकडा मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांतल्या आकृत्यांशी असलेल्या साम्यावरून ओढून आणलाय. साम्य आहे, अभ्यासकांनीही नोंदवलंय. पण दर लग्नाला नव्याने लिंपल्या जाणाऱ्या भिंतीवरचं हजारो वर्षांपूर्वीचं चित्र कुणी दाखवणार कुठून? कागदावरची, कापडावरची वारली तर १९७० च्या दशकातली. मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार १९७६ चा, पद्मश्री २०११ ची.

आणि वारली म्हणजे कोळी नव्हे. समुद्रावर जाणारे सोनकोळी वेगळे, डोंगरातले महादेव कोळी, मल्हार कोळी वेगळे, वारली वेगळे. मुंबईत मात्र वारली आहेत, हे मेसेजने चुकून बरोबर सांगितलं. आरे दूध वसाहत १९४९ ची, तिथले पाडे त्याआधीचे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही पाडे आहेत. डहाणूपर्यंत जायची गरजही कदाचित पडणार नाही.

तेव्हा मावशी, नऊ ऑगस्टला भिंतीला हात लावू नका. हॉलमध्ये चित्रकार बोलवा, मानधन आधी ठरवा, मांजरपाटाच्या चादरीएवढ्या तुकड्याला गेरूचा पातळ हात देऊन आदल्या दिवशी वाळवा, तांदळाची पेस्ट तिथे वापरा. छपराखाली ती छान चालते. भिंतीचं नोव्हेंबरात बघू, तोवर माथ्याचा उतार करून घ्या. चादरीला पाव किलो गेरूही लागणार नाही, उरलेला गच्चीवरच्या कुंड्यांना लावा.